लग्नघरात तुमच्यावर कोणतं काम टाकतात? अंगचे गुण ओळखीच्या माणसांकडून शोधण्याची रीत

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे मराठवाड्यात घराघरांत एकच विषय सुरू होतो: आता पुढं काय? लातूरला ठेवायचं का नांदेडला, नीट का जेईई, नाहीतर आयटीआय, नाहीतर संभाजीनगरला अभ्यासिका लावून एमपीएससी. फी किती, खोलीभाडं किती, मेस कुठली बरी, सगळ्याची चौकशी होते. ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला उपजत काय जमतं, हा प्रश्न मात्र फार कमी घरांत निघतो. त्याला स्वतःला विचारलं तर तोही खांदे उडवतो.

त्या प्रश्नाचं उत्तर मिळवायची एक साधी रीत इथं सांगतो. पैसे लागत नाहीत. एक वही लागते आणि महिना-दीड महिना सवडीनं माणसांशी बोलावं लागतं. विद्यार्थ्यांना ती चालते, बरीच वर्षं स्पर्धा परीक्षा देऊन आता थांबलेल्यांना चालते, पोरं शाळेत जायला लागल्यावर स्वतःचं काही सुरू करावं म्हणणाऱ्या बाईलाही चालते.

आधी नेमकं काय शोधायचं

चार गोष्टी एकमेकींत मिसळतात, त्या सुरुवातीलाच वेगळ्या केलेल्या बऱ्या. आवड म्हणजे जे करावंसं वाटतं ते. कौशल्य म्हणजे शिकून आलेलं: टॅली, वेल्डिंग, शिवणकाम, टायपिंग. स्वभाव म्हणजे शांत, तापट, लाजाळू. आणि अंगचा गुण म्हणजे फारसं कुणी न शिकवता तुम्हाला इतरांपेक्षा लवकर जमलेलं, आणि शिकवलं तर झपाट्यानं वाढणारं. राज्य मंडळानं २०१६ पासून काही वर्षं दहावीच्या मुलांची कलचाचणी घेतली होती. मुलाचा ओढा कुठं आहे ते तिच्यातून कळायचं. ती माहिती उपयोगाचीच, पण एखाद्या कामाची ओढ असली म्हणजे त्यात हात बसलेला असतोच असं नाही. इथं आपण हात कुठं बसलाय ते शोधतोय.

जालना, पैठण भागात मोसंबीच्या रोपवाटिका आहेत. तिथं खुंटाच्या रोपावर मोसंबीचा डोळा बसवून, पट्टीनं बांधून कलम करतात; त्याला डोळा भरणं म्हणतात. तिथं एखादा पोरगा असा असतो की त्यानं भरलेला डोळा फुटतोच. खुंट तोच रंगपूर लिंबाचा, डोळकाडी तीच, पट्टी तीच. इतरांनी भरलेले कितीतरी डोळे वाळून जातात, याचे क्वचित वाळतात. हंगाम आला की रोपवाटिकावाला त्याला घरून बोलावून नेतो. त्या पोराला विचारा, तुला काय येतं? तो म्हणेल, काही नाही, बारावी नापास आहे. डोळे भरतोस की! तर म्हणेल, त्यात काय, सगळेच भरतात.

सगळी अडचण इथं आहे. जे सहज जमतं ते आपण कामात धरतच नाही. कष्टानं मिळालेल्या गोष्टी मोजतो आणि आयत्या हातात आलेल्या सोडून देतो. म्हणून त्या दुसऱ्यांना विचाराव्या लागतात.

दुसऱ्याला काय दिसतं, काय दिसत नाही

जोसेफ लुफ्ट आणि हॅरिंग्टन इंगम या दोन अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९५५ मध्ये एक चौकट मांडली. तिला जोहारी खिडकी म्हणतात. तिच्यात चार कप्पे आहेत: मला आणि इतरांना दोघांनाही माहीत असलेलं, फक्त मला माहीत असलेलं, इतरांना माहीत पण मला नसलेलं, आणि कुणालाच माहीत नसलेलं. आपल्याला तिसरा कप्पा उघडायचाय.

पण लोकांना सगळंच दिसतं असंही समजू नका. सिमीन वझीर या मानसशास्त्रज्ञ बाईंचा २०१० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार कामाचा आहे. मनातली चिंता, घालमेल, स्वतःवरचा विश्वास याबद्दल माणसाचं स्वतःचं सांगणं जास्त खरं निघालं. बुद्धी, कल्पकता यांबद्दल मात्र मित्रांचा अंदाज स्वतःच्या अंदाजापेक्षा अचूक निघाला. बोलकेपणासारखी उघड गोष्ट दोघांनाही सारखीच कळते.

यावरून कामाची वाटणी करता येते. मला काय जमतं, हे लोकांना विचारायचं. ते करताना मला कसं वाटतं, हे लोकांना विचारायचं नाही. ते आपलं आपण ठरवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. पोराला काय आवडावं हे सगळा गाव सांगतो, आणि त्याला काय जमतं हे त्यानं एकट्यानं परीक्षेच्या कागदावर सिद्ध करायचं.

पहिलं काम : स्वतःचं पान

कुणालाही विचारण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर तारीख टाका आणि तीन गोष्टी लिहा. लोक माझ्याकडे कशासाठी येतात? कोणतं काम करताना जेवायची वेळ टळलेली कळत नाही? आणि दुसऱ्या कुणाला अडखळताना पाहून ‘एवढं साधं याला का जमेना’ असं मला कुठं वाटतं? तिसऱ्या प्रश्नाला जास्त वेळ द्या. ज्या ठिकाणी दुसऱ्याच्या अडण्याचं आपल्याला नवल वाटतं, तिथं बहुतेक वेळा आपला हात उपजत चालत असतो.

मग पान मिटून ठेवा. कुणाला दाखवू नका. दाखवलंत की समोरचा त्यातलंच काहीतरी वाचून सांगेल.

कोणाला विचारायचं

सात ते दहा माणसं पुरेत. त्यात घरची दोन-तीनच हवीत, बाकी बाहेरची.

आई-वडिलांना विचारायलाच हवं, पण त्यांना पुढचं विचारू नका, मागचं विचारा. वडिलांच्या डोक्यात सोसायटीचं कर्ज असतं, बहिणीचं लग्न असतं, औंदा पाऊस कसा होईल याची काळजी असते. त्यांना ‘माझ्यात काय गुण आहे’ असं विचारलं तर ते नोकरीबद्दल बोलतील, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पण तुमच्या वयाच्या दहा वर्षांपर्यंतचे साक्षीदार तेवढेच आहेत. मी लहानपणी कशात तासन्‌तास रमायचो? शेजारच्या बाया कोणत्या कामाला मलाच हाक मारायच्या? हे दुसरं कुणी सांगू शकत नाही.

मग आत्या, मावशी, मामा, ज्यांच्याकडे उन्हाळ्याच्या सुट्टीत राहिलात ते. त्यांच्यावर तुमच्या भवितव्याचा भार नसतो, म्हणून ती मोकळं बोलतात. जिल्हा परिषद शाळेतले जुने गुरुजी किंवा बाई, कारण मार्कांची शर्यत सुरू व्हायच्या आधी त्यांनी तुम्हाला पाहिलेलं असतं. तुमच्याकडून काही शिकलेलं वयानं लहान माणूस, म्हणजे धाकटा चुलत भाऊ नाहीतर शेजारची मुलगी. या लहान माणसांना कुणीच विचारत नाही, आणि त्यांची उत्तरं फार नेमकी असतात.

ज्यांच्या हाताखाली पैशासाठी काम केलंत ती माणसं तर यादीत असलीच पाहिजेत: कृषी सेवा केंद्राचा मालक, मेडिकलवाला, मंडप-डेकोरेशनवाला, वाळूजच्या कंपनीतला सुपरवायझर. त्यांनी तुम्हाला मजुरी देऊन पाहिलंय. प्रेमापोटी बोलायची त्यांना गरज नाही.

बीड जिल्ह्यातल्या आणि डोंगरपट्ट्यातल्या ज्या घरांचं अर्धं वर्ष उसाच्या फडावर जातं, त्यांच्यासाठी एक वेगळं सांगतो. गावातल्या माणसांपेक्षा फडावरचे शेजारचे कोयते तुम्हाला जास्त ओळखतात. कोयता म्हणजे तिथं नवरा-बायकोची जोडी. ती जोडी महिनोन्‌महिने तुमच्या कोपीशेजारी, म्हणजे फडावरच्या झोपडीशेजारी, राहिलेली असते. पहाटेच्या थंडीत, अंगात ताप असताना, गाडी अडकल्यावर तुम्ही कसे वागता हे तिनं पाहिलंय. मोळ्यांचा आणि खेपांचा हिशेब तोंडी कोण ठेवतं, भांडण लागलं की मधे कोण पडतं, परक्या गावात दवाखाना कोण शोधून काढतं, हे तिला विचारा. टोळी नेणाऱ्या मुकादमालाही विचारता येईल, पण त्याचा शब्द जपून घ्या. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, दिलेल्या माणसाला तो ‘कामाला वाघ’ म्हणतो तेव्हा त्याच्या नजरेसमोर पुढचा हंगाम असतो.

जो चारचौघांत तुमची टर उडवतो त्याला यादीत घेऊ नका. ज्याला तुमच्याकडून काही हवंय त्यालाही नको. ज्याच्याशी वितुष्ट आलंय पण बोलणं पूर्ण तुटलेलं नाही, असा एखादा मिळाला आणि तुमची छाती असली, तर जरूर विचारा. असा माणूस जो गुण कबूल करतो तो पक्का धरायला हरकत नाही.

काय विचारायचं

या भागावर सगळं अवलंबून आहे, म्हणून सावकाश वाचा.

आपल्या भागात तोंडावर कौतुक करायची पद्धत नाही. पोरगं शेफारेल, नजर लागेल, असं मनात असतं. बाप पारावर बसून चार माणसांत सांगतो की माझ्या पोराला इंजिनच्या आवाजावरून बिघाड कळतो, आणि घरी आल्यावर त्याच पोराला म्हणतो, दिवसभर मोटारीपाशी काय बसायलास? अशा माणसांना ‘माझ्यात काय चांगलं आहे’ असं सरळ विचारलं तर ती गडबडून जातात. ‘चांगलाच आहेस की’ म्हणतील, नाहीतर ‘कामून रे, काय झालं?’ म्हणून काळजीत पडतील.

म्हणून विशेषण मागू नका, काम मागा आणि प्रसंग मागा. ‘हुशार’, ‘मनमिळाऊ’, ‘कष्टाळू’ या शब्दांतून हाती काही लागत नाही. ते कुणालाही लागू पडतात. जोहारी खिडकीचा मूळ खेळ विशेषणांच्या यादीवर चालतो आणि आपल्याकडे तो फसतो तो त्यामुळंच, असं मला वाटतं. मिशिगन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २००५ मध्ये मांडलेली पद्धत आपल्याला जास्त मानवते: ओळखीच्या माणसांना सांगायचं की मी एखादं काम फार चांगलं केलेला प्रसंग आठवा आणि तो सांगा. प्रसंग सांगायला आपली माणसं कधी लाजत नाहीत.

त्यासाठी सर्वांत चांगला प्रश्न लग्नाचा आहे. ‘उद्या आपल्या घरात लग्न निघालं तर माझ्यावर कोणतं काम टाकाल?’

लग्नघरात कुणाला कुठलं काम द्यायचं याचा निवाडा आपल्या बायका-माणसांनी वर्षानुवर्षं माणसं पारखून केलेला असतो, आणि तिथं चूक झाली तर शंभर पाहुण्यांपुढं शोभा होते, म्हणून ती खोटं सांगत नाहीत. कोठीच्या किल्ल्या देतात त्याच्याबद्दल दोन गोष्टी मानलेल्या असतात: हात स्वच्छ आहे, आणि किती तेल, किती गूळ, किती तांदूळ लागेल याचा डोळ्यांनी अंदाज आहे. आहेराच्या वहीवर बसवतात त्याला नावं, नाती, गावं लक्षात राहतात आणि गर्दीत अक्षर बिघडत नाही. आचाऱ्यापाशी कुणाला उभं करतात? येसराची आमटी नीट उकळलीय का, मीठ कमी आहे का हे ज्याच्या जिभेला आणि नाकाला आधी कळतं त्याला. रुसलेल्या पाहुण्याची समजूत काढायला ज्याला पाठवतात तो ऐकून घेणारा असतो. मंडपवाला, बँडवाला, गाडीवाला यांच्याशी भाव ठरवायला वेगळाच माणूस जातो. पंगत वाढताना कुणाच्या ताटात काय संपलंय हे न सांगता बघणारा वेगळा.

उत्तर आलं की तिथं थांबू नका. लगेच विचारा, ‘मलाच कामून?’ खरा माल या दुसऱ्या उत्तरात असतो. एका आत्याशी झालेलं बोलणं असं:

‘आत्या, उद्या लग्न निघालं तर माझ्यावर कोणतं काम टाकशील?’

‘तुला कोठीवर बसवते की.’

‘मलाच कामून?’

‘तुझ्या हातून वाया जात नाही बघ काही. मागं सप्त्याला तूच म्हणलास ना, एवढं तांदूळ भिजवू नका म्हणून. महाराजांचं कीर्तन लांबलं, निम्मे लोक गावाकडं गेले. तुझं ऐकलं म्हणून बरं, नाहीतर पातेलंभर भात फेकावा लागला असता.’

या चार ओळींत एक जागा आहे, एक काम आहे आणि त्याचा परिणाम आहे. गर्दीकडे पाहून पुढं काय लागेल याचा अंदाज बांधणं, हे त्या पोराचं वैशिष्ट्य. हॉटेलात, गोदामात, दुकानाच्या खरेदीत, मेस चालवताना, सगळीकडे ते लागतं.

तिसरा प्रश्न: ‘आणि कोणतं काम माझ्यावर मुळीच टाकणार नाहीस?’ हसत विचारा. याचं उत्तर पहिल्याइतकंच कामाचं.

बाकीच्यांसाठी प्रश्न थोडे बदलतात. जुन्या मालकाला विचारा, ‘मी सोडून गेल्यावर माझ्या जागी दुसरा आला, तेव्हा तुमचं काय अडलं?’ मित्राला, ‘कशाची अडचण आली की तू पहिला फोन मला करतोस?’ धाकट्या भावंडाला, ‘मी शिकवलेलं काय तुझ्या लक्षात राहिलं?’ वडील मोकळेपणानं बोलणारच नसतील तर चुलत्याला किंवा मामाला विचारा: ‘माझ्या माघारी आबा माझ्याबद्दल काय सांगतात?’ वडिलांचं खरं मत बहुतेक वेळा असंच मिळतं.

गुरुजींना समोर भेटणं जमत नसेल तर व्हॉट्सअ‍ॅपवर असं पाठवा:

‘नमस्कार सर. मी सातवीपर्यंत आपल्या वर्गात होतो. पुढं काय करायचं ते ठरवतोय, म्हणून मला ओळखणाऱ्या मोठ्या माणसांना एक गोष्ट विचारतोय. वर्गात, मैदानात किंवा २६ जानेवारीच्या कार्यक्रमात मी एखादं काम चांगलं केलेलं आपल्याला आठवतं का? एखादा प्रसंग आठवला तर बोलून पाठवला तरी चालेल. घाई नाही. आठवलं नाही तरी हरकत नाही.’

आपलं नाव, गाव आणि वर्ष खाली लिहा. सरांच्या हाताखालून शेकडो मुलं गेलेली असतात.

कधी आणि कसं

मृगाच्या तोंडावर पेरणीची घाई असते, सोयाबीन काढणीत कुणाला मान वर करायला फुरसत नसते. तेव्हा विचारू नका. सुगी आवरल्यावर विचारा. लातूर, धाराशिवकडे वेळ अमावस्येला सगळं गणगोत शेतात येतं. भज्जी, उंडे, आंबिल झाल्यावर दुपारी झाडाखाली माणसं लवंडलेली असतात. तेव्हा एकेकाशेजारी जाऊन बसा. हुरड्याच्या आगटीपाशीही चालतं. एसटीतला दोन-तीन तासांचा प्रवास तर यासाठी उत्तमच.

एका वेळी एकच माणूस. चारचौघांत विचारलं की पहिला जे बोलतो तेच बाकीचे ओढतात. समोरचा सांगत असताना ‘छे छे, तसं काही नाही’ म्हणू नका. आपल्याला तशी सवय आहे, पण तेवढ्यानं माणूस बोलायचा थांबतो. वादही घालू नका. गप्प बसून ऐका आणि मधेच एवढंच विचारा: ‘हे कधीचं? मग काय झालं?’

त्याच रात्री वहीत लिहा. ज्याचे शब्द त्याच्याच शब्दांत लिहा, शुद्ध करू नका. ‘तुझ्या हातून वाया जात नाही’ याचं तुम्ही ‘व्यवस्थापनकौशल्य’ करून टाकलंत तर महिन्यानंतर त्यातून काही कळणार नाही.

वहीतून गुण कसा काढायचा

सगळी उत्तरं आली की क्रियापदांखाली रेघ ओढा. काय केलं? ओळखलं, जुळवलं, समजावलं, थांबवलं, सांभाळलं, दुरुस्त केलं. मग पाहा, एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांनी तीच क्रिया वेगवेगळ्या प्रसंगांतून सांगितलीय का. एका घरातल्या तिघांचं मत एकच धरा, कारण ते आपसात बोलून तयार झालेलं असतं. प्रसंग नसलेलं कौतुक बाजूला ठेवा.

समजा परभणीकडचा एक मुलगा आहे, स्पर्धा परीक्षा देऊन थकलेला. त्याची वही अशी दिसते. बहीण म्हणते, शिष्यवृत्तीचा फॉर्म तूच भरून दिलास आणि परत कसा भरायचा तेही शिकवलंस. चुलता म्हणतो, सातबाऱ्यावरचा घोळ तलाठ्यानं सांगून कळला नाही, तू सांगितल्यावर कळला. अभ्यासिकेतला मित्र म्हणतो, राज्यघटनेची कलमं मी तुझ्या तोंडून ऐकून पाठ केली. खताच्या दुकानाचा मालक म्हणतो, तू होतास तोवर पीकविम्यावरून म्हातारी माणसं माझ्याशी भांडत नव्हती. फॉर्म, सातबारा, कलमं, पीकविमा, वरवर चारही वेगळं. पण चारही ठिकाणी तो एकच गोष्ट करतोय: किचकट कागद समोरच्याला कमीपणा न वाटू देता समजावतोय. हा गुण अधिकारी होऊन वापरता येतो, तसाच आपले सरकार सेवा केंद्र चालवून, बँक मित्र म्हणून, शेतकरी उत्पादक कंपनीच्या कार्यालयात किंवा वर्गात उभं राहूनही वापरता येतो. परीक्षा निघाली नाही म्हणजे आपल्याला काहीच येत नाही, असं मनात धरून बसलेल्या मुलाला ही वही फार मोठा आधार देते. मी म्हणूनच या रीतीचा एवढा आग्रह धरतो.

इथं दोन ठिकाणी सावध राहायला पाहिजे.

मुलींच्या आणि सुनांच्या वहीत ‘समंजस’, ‘सोशीक’, ‘सगळ्यांचं करते’ हे शब्द ढिगानं येतात. ते उत्तर म्हणून घेऊ नका, त्यांच्या मागचं खोदा. सगळ्यांचं म्हणजे कुणाचं, काय? मग कळतं की सासऱ्यांच्या गोळ्यांच्या वेळा, डेअरीला घातलेल्या दुधाचा हिशेब, पोरांच्या परीक्षा, बचत गटाचा हप्ता, हे सगळं ती कागदाशिवाय डोक्यात ठेवते आणि एकही चुकत नाही. दवाखान्याच्या वॉर्डात किंवा शाळेच्या कार्यालयात याच कामाला पगार मिळतो. सोसणं हा गुण म्हणून कुणी गळ्यात घालत असेल तर तो घेऊ नये.

दुसरं, ‘तुमच्या घरात तेच चालत आलंय’ किंवा ‘तुमच्या लोकांना ते जमतंच’ असं जातीवरून, घराण्यावरून आलेलं उत्तर. त्यात तुम्ही कुठंच नसता. सांगणाऱ्यानं तुम्हाला पाहिलेलंच नसतं. असं उत्तर वहीतून खोडून टाका, मग ते कितीही वडीलधाऱ्या माणसाचं असो.

आता पहिलं मिटलेलं पान उघडा आणि शेजारी ठेवा. दोन्हीकडे आलेलं पक्कं. फक्त लोकांकडून आलेलं नवं, त्याच्याकडे जास्त लक्ष द्या. फक्त तुमच्याकडे असलेलं लगेच सोडू नका; कदाचित ते दाखवायची संधीच मिळाली नसेल.

मग प्रत्येक गुणापुढं स्वतः लिहा: हे काम केल्यावर मला ताजं वाटतं का पिळून निघाल्यासारखं? भांडणं उत्तम सोडवणारी काही माणसं त्यानंतर दोन दिवस आजारी पडतात. जमतं म्हणून तेच काम आयुष्यभर गळ्यात घ्यायची सक्ती नाही.

करून बघणं

वहीतला एक गुण निवडा आणि महिनाभर लहान प्रमाणात, नात्याबाहेरच्या माणसांत वापरा. गावात हरिनाम सप्ताह असतो, गणेश मंडळ असतं, बचत गटाची बैठक असते. अंदाज बांधणाऱ्यानं सप्त्याच्या एका दिवसाच्या महाप्रसादाची यादी मागून घ्यावी. हिशेब ठेवणारीनं गटाचं पुस्तक सहा आठवडे लिहावं. गोष्ट रंगवून सांगतो म्हणून ज्याला पाहुणे हटकून वेरूळला सोबत नेतात, त्यानं कॉलेजच्या ओळखीच्या मुलांना १६ नंबरच्या, म्हणजे कैलास लेणीत न्यावं, मोबदला न घेता, आणि कुठल्या शिल्पापाशी ती थांबतात आणि कुठं मोबाइल काढतात ते पाहावं. पुढं हेच काम धंदा म्हणून करायचं तर परवाना आणि प्रशिक्षण लागेल, ते नंतर.

महिन्यानंतर एवढंच तपासा: न बोलावता, न सुचवता कुणी परत बोलावलं का? आणि तुमच्यासोबत हेच काम करणाऱ्यापेक्षा तुम्ही लवकर सुधारलात का? दोन्हीला ‘हो’ आलं तर त्यावर पैसे आणि वेळ घालायला हरकत नाही. मग कोर्स, आयटीआय, परभणीच्या कृषी विद्यापीठाचं एखादं प्रशिक्षण किंवा जाणत्या माणसाच्या हाताखाली काही महिने काम, जे त्या गुणाला लागतं ते निवडा. अशा तयारीनंतर भरलेली फी वाया जायची शक्यता कमी होते.

अडलं तर

कुणी ‘हे काय खूळ घेतलंस’ म्हणालं तर विषय सोडून द्या आणि पुढच्या माणसाकडे जा. उत्तर लागलं, दुखलं, तर त्या रात्री लिहून ठेवा आणि आठ दिवसांनी वाचा. सगळ्यांची उत्तरं वेगवेगळी आली तर बहुधा तुम्ही विशेषणं गोळा केली आहेत. दोघा-तिघांकडे परत जाऊन प्रसंग विचारा. ‘काहीच आठवत नाही’ असं बहुतेकांनी सांगितलं तर त्याचा अर्थ गुण नाही असा होत नाही. तुम्ही त्यांच्यासमोर फार थोडं काही केलंय, एवढाच होतो. खोली, क्लास आणि मेस एवढ्यातच तीन वर्षं काढलेल्या मुलांचं असं होतं. त्यांनी आधी महिनाभराचं काम घ्यावं आणि मग त्या कामावरच्या माणसांना विचारावं.

ज्यांना विचारलंत त्यांना पुढं काय केलं ते कळवा. आत्याला फोन करून सांगा की सप्त्याची यादी मी केली आणि भात पुरला. त्यांना बरं वाटतं आणि पुढच्या वेळी त्या आणखी बारकाईनं बघून ठेवतात. गाव बदललं, नोकरी बदलली, लग्न झालं की दोन-तीन नव्या माणसांना हेच प्रश्न पुन्हा विचारा आणि त्याच वहीत लिहा. आणि घरातलं दुसरं कुणी वही घेऊन तुमच्यापुढं बसलं तर त्याला ‘चांगला आहेस’ म्हणून वाटेला लावू नका. त्याच्या हातचं जे काम तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय, ते कधी, कुठं आणि कसं झालं, सगळं सांगा.